झिका मॉडेल: लैंगिक संसर्गाचा कप्पा जोडला

झिका विषाणूची साथ कशी पसरते याच्या माझ्या गणिती मॉडेलमध्ये आतापर्यंत माणूस-डास-माणूस एवढंच चक्र होतं. आता झिकाची दुसरी वाट जोडली आहे. ताप उतरल्यावरही हा विषाणू वीर्यात बराच काळ सापडतो, म्हणून 'बरे झालेले, पण संसर्ग देऊ शकणारे' असा वेगळा कप्पा (म्हणजे एकाच अवस्थेतल्या सगळ्यांचा गट) केला. झिकाच्या भागातून परतलेल्या पुरुषांनी ३ महिने कंडोम वापरावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला याच कप्प्यासाठी आहे. बहुतेकांना लक्षणंच नसतात, त्यामुळे 'आजारी असाल तर जपा' एवढं सांगून भागत नाही.

एका रुग्णापासून डासांमार्फत होणारे नवे रुग्ण 'ड' आणि थेट लैंगिक संबंधातून होणारे 'ल' धरा. आर-नॉट म्हणजे साथीचा जोर सांगणारा आकडा; तो १ च्या खाली गेला की साथ विझते. संसर्गाच्या एका पिढीतून पुढची पिढी किती होईल हे मांडणाऱ्या तक्त्यातून (नेक्स्ट जनरेशन मॅट्रिक्स) तो असा येतो:

आर-नॉट = (ल + √(ल² + ४ड)) ÷ २

ड ४ आणि ल ०.२ घेतला, तर आर-नॉट २ चा जेमतेम २.१ होतो. इथे थांबलं तर कंडोमवर खर्च कशाला, असंच वाटेल. खरी गंमत फवारणी सुरू केल्यावर दिसते.

डासांची संख्या तीच ठेवून त्यांचा रोजचा मृत्युदर ०.१ वरून ०.२ केला. डासाच्या अंगात विषाणू तयार व्हायला सरासरी १० दिवस धरले आहेत. हा काळ एकाच कप्प्यात मांडला तर ड १.३३ वर येतो, ४ कप्पे ओळीने लावले तर ०.९६ वर आणि सगळ्या डासांना नेमके १० दिवस दिले तर ०.७४ वर. औषध तेच, फवारणी तेवढीच! एकच कप्पा ठेवला की फवारणीवर अन्याय होतो, कारण त्यात काही डास पहिल्याच दिवशी संसर्गजन्य होतात. मी ४ कप्पे ठेवले आहेत.

आता ०.९६ कडे नीट बघा. डासांपुरतं पाहिलं तर साथ विझायला हवी. पण साथ विझायची अट 'ल + ड १ पेक्षा कमी' अशी आहे आणि इथे बेरीज १.१६ भरते. आर-नॉट १.०८, म्हणजे साथ धुमसत राहणार. भर साथीत नगण्य वाटणारा ल नेमका शेवटच्या टप्प्यात निर्णायक ठरतो. कंडोमच्या वापराने तो ०.०३ पर्यंत आणला तरी बेरीज १ च्या खाली येते.

इष्टतम नियंत्रणासाठी, म्हणजे कोणता उपाय कधी आणि किती करावा हे ठरवायला, पोंट्रियागिनचं तत्त्व (सर्वोत्तम नियंत्रणाची गणिती अट) आणि फॉरवर्ड-बॅकवर्ड स्वीप (समीकरणं काळात पुढे आणि मागे आलटून-पालटून सोडवण्याची रीत) वापरतोय. उत्तर हेलकावे खात असेल तर प्रत्येक फेरीत जुन्या-नव्या नियंत्रणाची सरासरी घ्या, बसतं. पुढे चावे कमी करण्याचं नियंत्रण घालायचं आहे. चाव्यांचा दर ड मध्ये वर्गाने येतो, त्यामुळे त्याच्याकडून मला मोठी आशा आहे. झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, तेव्हा मच्छरदाणीऐवजी अंगाला लावायचं डासरोधक धरेन.