दुसरा किलोबाइट

काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या वापरासाठी फाइली एन्क्रिप्ट करणारा एक लहानसा प्रोग्रॅम जावामध्ये लिहिला होता. त्यात एक्सटीईए हा ब्लॉक सायफर (ठरावीक लांबीचा तुकडा किल्लीने झाकणारी पद्धत) सीटीआर मोडमध्ये, म्हणजे काउंटर पद्धतीने, चालत असे: प्रत्येक तुकड्याचा क्रमांक एन्क्रिप्ट करून निघणारे बाइट, म्हणजे कीस्ट्रीम, मजकुराशी एक्सऑर करायचे (दोन बिट वेगळे असतील तर एक, सारखे असतील तर शून्य). जावाने एन्क्रिप्ट केलेली फाइल जावानेच उलगडली की एकही बाइट न बदलता परत मिळे, आणि तेवढ्यावर समाधान मानून मी तो प्रोग्रॅम बरेच महिने वापरला. पुढे त्याच फाइली एका मायक्रोकंट्रोलरवर वाचता याव्यात म्हणून मी उलगडण्याचा भाग सी भाषेत लिहिला, तेव्हा पडद्यावर जे दिसले ते मी आजही विसरलेलो नाही. चाचणीच्या फाइलीचे पहिले १०२४ बाइट अगदी बरोबर होते, पुढचे १०२४ बाइट म्हणजे निव्वळ कचरा होता, त्यापुढचे १०२४ पुन्हा बरोबर, आणि मग पुन्हा कचरा.

बिघाड इतका नियमित असेल तर त्याचे कारण आकड्यांतच शोधावे लागते. एक्सटीईएचा ब्लॉक ८ बाइटांचा असतो, म्हणजे १०२४ बाइटांत १२८ ब्लॉक बसतात. माझ्या काउंटर ब्लॉकच्या पहिल्या चार बाइटांत नॉन्स (एकदाच वापरायची संख्या) होता, जो चाचणीत शून्य ठेवला होता, आणि उरलेल्या चार बाइटांत ब्लॉकचा क्रमांक होता. ० ते १२७ क्रमांकांचे ब्लॉक बरोबर येत होते आणि १२८ व्या क्रमांकापासून घोटाळा सुरू होत होता. जावातील बाइट हा चिन्हासहित प्रकार आहे. त्यात −१२८ ते १२७ एवढ्याच संख्या मावतात, त्यामुळे १२८ हा बाइट वाचताना −१२८ होतो.

चार बाइटांचा ३२-बिटी पूर्णांक करणारे माझे फंक्शन असे होते: आतापर्यंतची संख्या आठ बिट डावीकडे सरकवायची आणि पुढचा बाइट तिच्याशी ऑर क्रियेने जोडायचा. कागदावर हे निर्दोष दिसते. पण जोडण्यापूर्वी जावा त्या बाइटचा ३२-बिटी पूर्णांक करते, आणि −१२८ चा ३२-बिटी पूर्णांक करताना वरचे २४ बिट एकने भरले जातात. ऑर क्रियेत एक असलेला बिट समोर काहीही आले तरी एकच राहतो, म्हणून आधी जोडलेले तिन्ही बाइट पुसले जातात. प्रत्येक बाइट जोडण्यापूर्वी २५५ शी अँड क्रिया करून घेतली असती, म्हणजे खालचे आठ बिट सोडून बाकीचे शून्य केले असते, तर हे घडले नसते. २५६ व्या ब्लॉकपाशी शेवटचा बाइट पुन्हा शून्य होई आणि त्याच्या आधीचा १ होई, दोन्ही १२८ पेक्षा लहान, म्हणून तिसरा किलोबाइट बरोबर येत असे.

एवढ्यावर थांबून मी दुरुस्ती केली असती, तर या प्रकरणाकडे मी आजही केवळ सुसंगतीचा प्रश्न म्हणून पाहिले असते. पण रात्री त्याच आकड्यांकडे पुन्हा पाहताना लक्षात आले की १२८ व्या ब्लॉकचा क्रमांक या फंक्शनमधून जसा बाहेर पडतो, अगदी तसाच ३८४ व्या ब्लॉकचाही पडतो, कारण दोघांचाही शेवटचा बाइट एकच आहे आणि वरचे सर्व बिट दोन्हीकडे एकने भरले गेले आहेत. म्हणजे दुसरा किलोबाइट आणि चौथा किलोबाइट एकाच कीस्ट्रीमने झाकले जात होते, आणि सहावा व आठवाही त्याच कीस्ट्रीमने. सीटीआर मोडची सगळी सुरक्षितता काउंटर कधीही पुन्हा न येण्यावर उभी आहे. तो पुन्हा आला, की दोन सायफरटेक्स्टची (एन्क्रिप्ट झालेल्या मजकुरांची) एकमेकांशी एक्सऑर क्रिया केल्यावर दोन मूळ मजकुरांची एक्सऑर हाती येते आणि किल्लीची गरजच उरत नाही.

किल्लीची अवस्था याहूनही वाईट होती. चाचणीच्या किल्लीत ० ते १५ हे सोळा बाइट क्रमाने होते, सगळेच १२८ पेक्षा लहान, म्हणून ती सुरक्षित राहिली. प्रत्यक्ष वापरातली किल्ली यादृच्छिक होती आणि तीही याच फंक्शनमधून चार ३२-बिटी शब्दांत रूपांतरित होत होती. शब्दाचा शेवटचा बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असण्याची शक्यता निम्मी असते, आणि तसे झाले की त्या शब्दात ३२ बिटांपैकी केवळ ७ बिटांची माहिती उरते. चारही शब्दांच्या बाबतीत तसे घडले, आणि सोळापैकी सरासरी एका किल्लीच्या बाबतीत ते घडणारच, तर १२८ बिटांची किल्ली २८ बिटांवर येते. म्हणजे सुमारे २७ कोटी शक्यता उरतात, ज्या साधा संगणक फार वेळ न लावता तपासून संपवू शकतो.

ही चूक केवळ नवशिक्यांच्या हातून होते असे मात्र नाही. बीक्रिप्ट या पासवर्ड-हॅशिंगच्या (पासवर्ड परत न उलगडणाऱ्या रूपात साठवण्याच्या) पद्धतीचा गाभा ब्लोफिश हा ब्लॉक सायफर आहे, आणि तिच्या क्रिप्ट-ब्लोफिश या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या अंमलबजावणीत २०११ साली नेमका हाच दोष सापडला. पासवर्डचे बाइट तेथे चिन्हासहित कॅरेक्टर म्हणून वाचले जात होते, म्हणून १२८ किंवा त्याहून मोठा बाइट आला की त्याच शब्दातले त्याच्या आधीचे एक, दोन किंवा तीन बाइट पुसले जात. साध्या इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डांना काहीच होत नसे, आणि म्हणूनच तो दोष अनेक वर्षे दिसला नाही. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांचे असते आणि ते तिन्ही बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात. ‘क’ हे अक्षर हेक्समध्ये (सोळाच्या पायावरील अंकलेखनात) ई०, ए४, ९५ असे लिहिले जाते. देवनागरीत पासवर्ड ठेवणाऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक चार बाइटांपैकी तीन बाइट त्या कोडमध्ये नाहीसे होत होते. ज्याने सर्वांत कमी अपेक्षित अक्षरे निवडली, त्यालाच सर्वांत कमी संरक्षण मिळाले, ही गोष्ट मला फार लागते.

रूपांतराच्या चुकांकडे मी तेव्हापासून दोन प्रकारांत पाहतो. काही चुका माहिती हलवतात आणि काही माहिती नष्ट करतात. बाइटांचा क्रम उलटा लावणे ही पहिल्या प्रकारची चूक आहे. हेक्समधील ००, ११, २२, ३३ हे चार बाइट बिग-एंडियन पद्धतीने, म्हणजे पहिला बाइट सर्वांत मोठ्या स्थानी धरून, वाचले तर ००११२२३३ ही संख्या मिळते आणि लिटल-एंडियन पद्धतीने वाचले तर ३३२२११००. आत येताना आणि बाहेर जाताना दोन्ही वेळी क्रम तसाच उलटा लावला, तर मूळ सायफरच्या दोन्ही बाजूंना एकेक अदलाबदल चिकटते. तयार होते ते जगातील इतर कोणाशीही न जुळणारे, पण ताकदीने तितकेच मजबूत असे वेगळे सायफर. एन्क्रिप्ट करून परत उलगडण्याच्या चाचणीत ते नेहमीच उत्तीर्ण होते.

दुसऱ्या प्रकारची चूक त्या चाचणीत निदान पकडली जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि सीबीसी मोड (प्रत्येक ब्लॉक आधीच्या सायफरटेक्स्टशी जोडणारी पद्धत) असता तर ती पहिल्याच दिवशी पकडली गेलीही असती. त्यात उलगडताना सायफरटेक्स्टचे बाइट पूर्णांकात रूपांतरित व्हावे लागतात, आणि त्यांतले साधारण निम्मे १२८ पेक्षा मोठे असल्यामुळे मूळ मजकूर परत आलाच नसता. सीटीआर मोडमध्ये मात्र दोन्ही दिशांना सायफरची एन्क्रिप्ट करणारी बाजूच वापरली जाते. काउंटर चुकीचा वाचला गेला तरी तो दोन्ही वेळा सारखाच चुकतो, कीस्ट्रीम सारखाच निघतो, आणि मजकूर बिनचूक परत मिळतो.

क्रमाचा प्रश्न कमी घातक असला तरी कमी त्रासदायक नाही, आणि त्याचा दोष पुष्कळदा सायफरच्या वर्णनाकडेच जातो. व्हीलर आणि नीडहॅम यांनी १९९४ साली मांडलेल्या टीईएचा (एक्सटीईएच्या आधीच्या सायफरचा) कोड थेट पूर्णांकांच्या ॲरेवर काम करतो. त्या पूर्णांकांत बाइट कोणत्या क्रमाने भरायचे, हे तो कोड ठरवत नाही. शिवाय त्यात लाँग हा प्रकार वापरलेला आहे, जो आजच्या अनेक ६४-बिटी प्रणालींवर आठ बाइटांचा असतो, त्यामुळे तो जसाच्या तसा उतरवून घेतला तर गणितही वेगळे होते. ब्लोफिश बिग-एंडियन आहे, तर त्याच रचनाकाराने सहकाऱ्यांसह १९९८ साली सादर केलेला टूफिश लिटल-एंडियन आहे. रिव्हेस्ट यांचा आरसी५ लिटल-एंडियन आहे. एकाकडून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधता येत नाही.

एईएस या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ब्लॉक सायफरचे २००१ चे मानक या बाबतीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्यात मुळात बाइटांचीच भाषा आहे: सोळा बाइट चार ओळी आणि चार स्तंभांच्या चौकटीत, एकेक स्तंभ वरून खाली भरत, मांडायचे. पूर्णांक येतात ते वेगासाठी, अंमलबजावणी करणाऱ्याच्या हातून. आणि ते आले की मानकातील शब्दांचे अर्थही क्रमासोबत फिरतात. किल्ली-विस्तारात (मूळ किल्लीपासून प्रत्येक फेरीची किल्ली काढताना) चार बाइटांपैकी पहिला काढून शेवटी ठेवायचा असतो. स्तंभ बिग-एंडियन पूर्णांकात ठेवला असेल तर याचा अर्थ आठ बिट डावीकडे फिरवणे असा होतो, आणि लिटल-एंडियन पूर्णांकात ठेवला असेल तर आठ बिट उजवीकडे. फेरीचा स्थिरांक पहिल्या बाइटशी एक्सऑर होतो, म्हणजे एका पद्धतीत तो पूर्णांकाच्या वरच्या टोकाला बसतो आणि दुसऱ्या पद्धतीत खालच्या. यांतील एक गोष्ट बदलून दुसरी तशीच ठेवलेला कोड मी इतरांचाही पाहिला आहे आणि स्वतःही लिहिला आहे.

सायफरच्या बाहेर पडून मोडकडे आले की पुन्हा नवे नियम लागू होतात. जीसीएममध्ये (एन्क्रिप्शनसोबत छेडछाडही ओळखणाऱ्या मोडमध्ये) काउंटर ब्लॉकचे शेवटचे ३२ बिटच बिग-एंडियन संख्या म्हणून वाढतात आणि त्यांच्या वर हातचा जात नाही. सीमॅक (संदेश बदललेला नाही याची खात्री देणारा मोड) आणि एक्सटीएस (डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा मोड) या दोन्हींत १२८ बिटांचा ब्लॉक दुप्पट करण्याची क्रिया आहे, आणि दोन्हींत हेक्स ८७ हाच स्थिरांक आहे. पण सीमॅकमध्ये बिट पहिल्या बाइटमधून बाहेर पडतो आणि ८७ शेवटच्या बाइटशी एक्सऑर होतो, तर एक्सटीएसमध्ये बिट शेवटच्या बाइटमधून बाहेर पडतो आणि ८७ पहिल्या बाइटशी. एका मोडसाठी लिहिलेले दुप्पट करण्याचे फंक्शन दुसऱ्यासाठी सहज उचलले जाते, आणि कंपायलर त्याला काहीही हरकत घेत नाही.

सी भाषेत चिन्हरहित आठ-बिटी प्रकार वापरला म्हणजे आपण सुटलो, असे मी बराच काळ समजत होतो. प्रत्यक्षात तो बाइट शिफ्ट करण्यापूर्वी चिन्हासहित इंटमध्ये बदलला जातो. त्यामुळे १२८ किंवा त्याहून मोठा बाइट २४ बिट डावीकडे सरकवला, की इंटची मर्यादा ओलांडली जाते आणि भाषेच्या नियमांनुसार परिणाम अनिश्चित ठरतो; व्यवहारात तो ऋण होऊन ६४-बिटी संख्येत गेला, तर वरचे ३२ बिट पुन्हा एकने भरतात. म्हणून सरकवण्यापूर्वीच त्या बाइटचे इच्छित रुंदीच्या चिन्हरहित प्रकारात रूपांतर करणे आवश्यक आहे. बाइटांच्या पत्त्यालाच पूर्णांकाचा पॉइंटर मानून वाचण्याचा आडमार्ग मी पूर्णपणे सोडला आहे: त्यात यंत्राचा स्वतःचा क्रम कोडमध्ये शिरतो, काही प्रोसेसरांवर पत्ता चारच्या पटीत नसेल तर प्रोग्रॅम कोसळतो, आणि आजचे चांगले कंपायलर शिफ्ट व ऑरची रचना ओळखून बहुधा तितकाच वेगवान कोड देतात. जावातील बिगइंटीजरचा (कितीही मोठा पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकाराचा) मार्ग आकर्षक असला तरी तोही सरळ नाही. सर्वांत वरचा बिट एक असेल तर तो सोळा बाइटांच्या ब्लॉकचे सतरा बाइट परत देतो, आणि सुरुवातीचे बाइट शून्य असतील तर सोळांपेक्षा कमी. पायथनमध्ये निदान लांबी स्वतः सांगावी लागते.

चाचणीसाठी मी आता आकडे निवडून घेतो. एईएसच्या मानकातील ००, ११, २२ पासून एफएफपर्यंत जाणारा सोळा बाइटांचा मजकूर मला आवडतो, कारण त्यात प्रत्येक बाइट वेगळा आहे आणि निम्मे बाइट १२८ पेक्षा मोठे आहेत; त्याच्या सायफरटेक्स्टची सुरुवात ६९, सी४, ई०, डी८ अशी व्हायला हवी. त्याच्या जोडीची किल्ली मात्र ० ते १५ अशीच आहे, म्हणून मोठ्या बाइटांच्या किल्लीची चाचणी वेगळी लिहावी लागते. सीटीआरसाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने दिलेला सुरुवातीचा काउंटर एफ० ते एफएफ असे सोळा बाइट क्रमाने धरतो. शेवटचा बाइट एफएफ असल्यामुळे दुसऱ्याच ब्लॉकला हातचा न्यावा लागतो आणि शेवट एफएफ, ०० असा व्हावा लागतो. तेथे एफई, ०० दिसले तर हातचा हरवला आहे, आणि पहिल्या बाइटचा एफ१ झाला असेल तर क्रम उलटा लागला आहे.

माझ्या जुन्या फाइलींसाठी ते चुकीचे फंक्शन मला जपून ठेवावे लागले, कारण त्याच्याशिवाय त्या आता कोणत्याही बरोबर कोडने उलगडल्या नसत्या. क्रिप्ट-ब्लोफिशच्या कर्त्यांनीही हेच केले होते: जुन्या दोषयुक्त हॅशसाठी २एक्स आणि दुरुस्त हॅशसाठी २वाय अशी दोन वेगळी चिन्हे त्यांनी नेमली. मी ते फंक्शन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये हलवले, त्याला फक्त वाचण्याची परवानगी दिली, प्रत्येक फाइल त्याने उलगडून नव्या किल्लीने आणि नव्या कोडने पुन्हा एन्क्रिप्ट केली, आणि शेवटची फाइल झाल्यावर जुनी किल्ली व जुन्या प्रती पुसून टाकल्या.