पॅसेज क्रमांक २२

आज सकाळी इनक्युबेटर उघडला तेव्हा पेट्रीडिशमधल्या मेणकिड्याच्या दहाही अळ्या जिवंत होत्या. स्यूडोमोनास हे रोगजंतू टोचल्यावर त्या रात्रीतून काळ्या पडायला हव्या होत्या, पण त्या सायीच्या रंगाच्याच राहिल्या होत्या आणि एक तर काठावर चढून डोके हलवत होती. सरांनी एवढेच विचारले, "किती पॅसेज झाले याचे?" पॅसेज म्हणजे जंतू एका नळीतून नव्या नळीत हलवणे. मला उत्तर देता आले नाही.

दांडिया बाजारात स्कूटर थांबवून हिशेब केला. दर पंधरा दिवसांनी एक नवी नळी, अकरा महिने, म्हणजे २२. मला लागले ते हे, की मी आळस केला नव्हता. उत्तरायणाला सारे वडोदरा गच्चीवर असताना मी नळ्या भरत होते, आणि नेमक्या त्याच नेमाने माझे स्यूडोमोनास निवले, त्यांची मारकता गेली. आयते अन्न मिळत असताना विष बनवणे हा फुकटचा खर्च. तो टाळणारे जंतू नळीत पुढे सरकतात. हिरवा रंग फिका पडताना मी पाहिला होता, पण दोष जंतूंच्या अन्नाच्या, माध्यमाच्या, नव्या बाटलीला दिला. पहिल्याच दिवशी ग्लिसरॉल घालून मूळ जंतूंची एक कुपी उणे ८० अंशांत गोठवून ठेवली असती तर! पण त्या फ्रीजरची किल्ली शेजारच्या विभागात, आणि मागायला मला संकोच.

काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयाचे जंतू पित्त घातलेल्या बटाट्यावर १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा हलवले, त्यांना क्षयाची बीसीजी लस मिळाली. मी २२ वेळा हलवले, मला बोलणी मिळाली.

सर म्हणतात, जंतू अळ्यांमधून दोन-तीनदा काढ, मारकता पुन्हा चढेल. विषाचे जनुकच गळून गेले असेल तर चढणार काय? आणि चढले तरी कोणासाठी? पाश्चर आणि त्यांचा सहकारी थुईलिए यांना डुकरांच्या एरिसिपेलस या रोगाचे जंतू कबुतरांतून नेल्यावर डुकरांना जास्त मारक झालेले दिसले. सशांतून नेले तर सशांनाच मारक झाले आणि डुकरांना सौम्य. माझे जंतूही कदाचित अळ्यांपुरतेच शूर होतील. थुईलिए १८८३ मध्ये अलेक्झांड्रियात पटकीने गेला, २७ व्या वर्षी. मी त्याच वयाची आहे आणि एका नळीसाठी रडते आहे.

संध्याकाळी किल्ली मागायला गेले, तर तिथल्या बेननी मान वर न करताच ती हातावर ठेवली. कुपीवर आजची तारीख आणि "पॅसेज २२" असे ठळक लिहिले. निवलेले का होईना, माझे स्यूडोमोनास आता उणे ८० अंशांत सुखरूप आहेत. उद्या दहापट डोस, आणि नव्या दहा अळ्या.