आय-९० महामार्गावरची दोन कल्पित गावे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू आणि रेडमंड या सिॲटलजवळच्या शहरांत आता इतकी मराठी कुटुंबे राहतात की येथील गणेशोत्सव, मराठी शाळा आणि सॉफ्टवेअर कंपन्यांतील नोकऱ्या यांविषयी मायदेशातील वाचकांना नव्याने सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. येथून पूर्वेला जाणाऱ्या आय-९० महामार्गाविषयी मात्र मी अद्याप मराठीत काही वाचलेले नाही. या रस्त्यावर कॅस्केड पर्वतरांगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील दोन विख्यात कल्पित गावे वसलेली आहेत. अलीकडचे ‘ट्विन पीक्स’ आणि पलीकडचे ‘सिसेली’. दोन्हींच्या मालिका १९९० साली सुरू झाल्या, दोन्ही गावे कोणत्याही नकाशावर सापडत नाहीत आणि दोन्हींच्या ओढीने आजही दूरदूरचे प्रेक्षक येथे येतात. मालिकेच्या निमित्ताने येणाऱ्याने मालिकेपाशीच थांबू नये, असे मला मनापासून वाटते. कारण ज्या खऱ्या गावांनी या कल्पित गावांना आपले रस्ते आणि डोंगर दिले, त्यांचा स्वतःचा इतिहास पडद्यावरच्या कथेपेक्षा कितीतरी भारी आहे.

डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या याच नावाच्या रहस्यमालिकेतील ट्विन पीक्स हे गाव कथेनुसार कॅनडाच्या सीमेपासून अवघ्या पाच मैलांवर आहे, आणि गावाच्या वेशीवरच्या फलकावर लोकसंख्या ५१,२०१ अशी लिहिलेली आहे. प्रत्यक्षात पहिल्या भागाचे बरेचसे चित्रीकरण स्नोक्वाल्मी आणि नॉर्थ बेंड या शेजारशेजारच्या गावांत झाले. ही गावे कॅनडाच्या सीमेपासून बरीच दक्षिणेला आहेत, आणि १९९० साली नॉर्थ बेंडची वस्ती तीन हजारही नव्हती. मालिकेतील कॅफे तेथे ट्वीड्स कॅफे या नावाने आजही चालू आहे. २००० साली लागलेल्या आगीनंतर तो पुन्हा उभारला गेला आणि २०१७ साली आलेल्या नव्या भागांच्या चित्रीकरणासाठी त्याला पूर्वीचे रूप देण्यात आले. ‘चेरी पाय’ हा गोड पदार्थ आणि कॉफी घेणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. मालिकेतील पोलीस ठाण्याची इमारत मुळात वेअरहाउझर या लाकूड कंपनीचे कार्यालय होते. तेथे आता मोटार शर्यतींचे प्रशिक्षण दिले जाते. मालिकेत दिसणारी लाकूड गिरणीही याच कंपनीची होती. २००३ साली ती कायमची बंद झाली आणि ज्या उद्योगावर हे खोरे अनेक दशके जगले तो संपुष्टात आला.

मालिकेच्या सुरुवातीला दिसणारा धबधबा म्हणजे स्नोक्वाल्मी फॉल्स. त्याची उंची २६८ फूट आहे, आणि पावसाळी हिवाळ्यात त्याचे तुषार वरच्या कठड्यापर्यंत येतात. त्याच्या काठावर मालिकेत जे हॉटेल बाहेरून दिसते ते सॅलिश लॉज, परंतु आतल्या काही दालनांसाठी समुद्राच्या खाडीपलीकडचे किआना लॉज वापरले गेले. आपल्याकडेही चित्रीकरणात वाड्याचा दिंडी दरवाजा एका गावचा आणि माजघर दुसऱ्या गावचे, असे सर्रास घडते. मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. स्नोक्वाल्मी जमातीसाठी हा धबधबा पवित्र स्थान आहे. त्याच्या तुषारांबरोबर आपल्या प्रार्थना वर जातात, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथे १८९९ साली कातळ पोखरून भूमिगत जलविद्युत केंद्र उभारण्यात आले आणि पुढे पर्यटन वाढले, तरी या जमातीला अमेरिकेच्या संघराज्य सरकारची मान्यता मिळण्यासाठी १९९९ साल उजाडावे लागले. त्यानंतर २० वर्षांनी, २०१९ साली, जमातीने सॅलिश लॉज आणि आसपासची जमीन विकत घेतली. मालिकेचे चाहते ज्या इमारतीसमोर छायाचित्रे काढतात, ती आज त्या धबधब्याच्या मूळ वारसांच्या मालकीची आहे. ही घटना कोणत्याही रहस्यकथेच्या उलगड्यापेक्षा मला अधिक समाधान देते.

येथून महामार्ग सुमारे ३००० फूट उंचीच्या स्नोक्वाल्मी खिंडीतून पलीकडे उतरतो. ओले, शेवाळलेले जंगल विरळ होत जाते, हवा कोरडी होते आणि पाइनची झाडे लागतात. महामार्ग सोडला की थोड्याच अंतरावर, क्ली एलम या गावाजवळ, रॉझलिन येते. या गावची वस्ती हजाराच्या आत आहे. १९९० ते १९९५ या काळात ‘नॉर्दर्न एक्स्पोझर’ या मालिकेने या गावाला अलास्कातील सिसेली म्हणून जगासमोर आणले. न्यू यॉर्कचा एक तरुण डॉक्टर, ज्याच्या वैद्यकीय शिक्षणाचा खर्च अलास्का राज्याने केलेला आहे, त्याला त्या बदल्यात दुर्गम गावात सेवा करावी लागते, अशी ही कथा. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकलेल्या आणि बंधपत्रापोटी ग्रामीण रुग्णालयात रुजू झालेल्या डॉक्टरांना या कथेची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

अलास्कातील टॉकीट्ना हे गाव सिसेलीची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. परंतु पडद्यावर दिसतो तो रॉझलिनचा मुख्य रस्ता. घरांच्या आतील बहुतेक प्रसंग मात्र रेडमंडमध्ये उभारलेल्या नेपथ्यावर चित्रित झाले, म्हणजे आज जेथे आमच्यापैकी अनेक मराठी माणसे नोकरीस जातात त्याच शहरात. शीर्षकदृश्यात गावातून निवांत फिरणारा मूस हा प्राणीही वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कळपातून आणलेला होता. रॉझलिनमधील कॅफेच्या भिंतीवर उंटाचे एक मोठे चित्र आहे, आणि त्यावर पूर्वी ‘रॉझलिन कॅफे’ एवढेच लिहिलेले होते. मालिकेत रॉझलिन हे गावाच्या संस्थापिकेचे नाव ठरवले गेले. म्हणून भिंतीवरच्या अक्षरांत भर घालून तो रॉझलिन नावाच्या बाईचा कॅफे करण्यात आला. ती भर आजही तशीच आहे.

वास्तविक या गावाला कोणी संस्थापिका नव्हती. १८८६ साली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला इंजिनांसाठी कोळसा हवा होता आणि तो या डोंगरांत सापडला, म्हणून रॉझलिन जन्माला आले. खाणीत काम करण्यासाठी इटली, क्रोएशिया, स्लोव्हाकिया, पोलंड, लिथुआनिया, वेल्स अशा अनेक प्रदेशांतून माणसे आली. १८८८ साली कामगारांनी संप पुकारला तेव्हा तो मोडून काढण्यासाठी कंपनीने इतर राज्यांतून शेकडो कृष्णवर्णीय कामगारांना आणले, आणि त्यातील अनेकांना आपण संपकऱ्यांच्या जागी चाललो आहोत याची आगाऊ कल्पनाही दिलेली नव्हती. आरंभी त्यांच्याविषयी गावात मोठा रोष होता. पुढे मात्र तेच कामगार आणि त्यांचे शेजारी एकाच भुयारात, एकाच धोक्यात राबू लागले. १० मे १८९२ रोजी खाणीत झालेल्या स्फोटात ४५ जणांचा मृत्यू झाला. कोळशाच्या खाणीतील इतकी मोठी दुर्घटना या राज्यात त्यापूर्वी किंवा त्यानंतर झालेली नाही.

गावाच्या कडेला झाडीत पसरलेल्या टेकडीवर वीसहून अधिक दफनभूमी आहेत. प्रत्येक समाजाची, प्रत्येक बंधुसंघाची जागा निराळी. थडग्यांवरचे लेख वेगवेगळ्या भाषांत आहेत, आणि काही ठिकाणी फक्त लाकडी खूण उरलेली आहे. विमा, नुकसानभरपाई यांचा आधार नसलेल्या काळात आपल्या माणसाचे अंत्यविधी नीट व्हावेत आणि त्याच्या विधवेच्या हाती काही रक्कम पडावी, म्हणून हे बंधुसंघ वर्गणी गोळा करीत असत. गिरणगावातील गाववाल्यांच्या खोल्या आणि त्यांची मंडळे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या व्यवस्थेमागची निकड लगेच उमगेल.

शेवटची खाण १९६३ साली बंद झाली. त्यानंतर मालिका येईपर्यंत हे गाव कसे तगले असेल, हा प्रश्न मला त्या जुन्या लाकडी घरांकडे पाहताना नेहमी पडतो. १९७५ साली येथील नागरिकांनी विल्यम क्रेव्हन यांना महापौर म्हणून निवडले, आणि ते संपूर्ण वॉशिंग्टन राज्यातील पहिले कृष्णवर्णीय महापौर ठरले. ते रॉझलिनच्या खाणकामगारांच्या कुटुंबातलेच होते. नाना तऱ्हेची माणसे एकमेकांना सांभाळून घेत राहतात, हे सिसेलीचे वैशिष्ट्य प्रेक्षकांना अतिशय भावले. लेखकांना ते कोठून सुचले याविषयी मी दावा करणार नाही. परंतु ज्या रस्त्यावर ते चित्रित झाले, तेथील लोकांनी ते संप, स्फोट आणि बेकारी सोसून प्रत्यक्षात घडवले होते.

अलीकडच्या काळात आपल्याकडे सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एका वाड्याला मालिकेमुळे अशीच प्रसिद्धी लाभली. तेथे जाणाऱ्यांनी त्या गावचे जुने रामेश्वर मंदिरही अवश्य पाहावे.

उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना येथील आमची मंडळी बहुधा धबधबा दाखवून परत आणतात. खिंड ओलांडून आणखी तासाभराचा प्रवास करण्याची तयारी असेल, तर रॉझलिनला जावे. कॅफेच्या भिंतीजवळ छायाचित्र काढावे, मालिकेतील आकाशवाणी केंद्राची खिडकी पाहावी, १८८९ पासून चालू असलेल्या ब्रिक या मद्यगृहाची विटांची इमारत पाहावी, आणि त्यानंतर मुख्य रस्त्यावरच्या छोट्या संग्रहालयात जावे. दफनभूमीची टेकडी फार चढाची नाही, मात्र परिसर विस्तीर्ण आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते. त्यामुळे तेथे सकाळीच जावे आणि पाणी बरोबर ठेवावे.