बुडापेस्टची मंडई

शनिवार, रात्री

हंगेरीच्या राजधानीतली, बुडापेस्टची ही मंडई शनिवारी लवकर बंद होते, म्हणून ताई आणि मी सकाळीच निघालो. ट्रॅममधून फोवाम चौकात उतरलं की एका बाजूला डॅन्यूबवरचा हिरवा लोखंडी पूल आणि दुसऱ्या बाजूला ही इमारत. छपरावर रंगीत कौलांची नक्षी, पेच गावच्या झोल्नाई कारखान्यात भाजलेली. कुणाला वाटावं, हे रेल्वे स्टेशन असेल. आत मात्र कोबी, कांदे, हंसाचं मांस आणि सॉसेजच्या माळा.

शामू पेट्स नावाच्या वास्तुविशारदाने बांधलेली ही मंडई १८९७ साली उघडली. त्याआधी शहराची मांस-भाजी उघड्या चौकांत विकली जायची. माल स्वच्छ राहावा, तपासता यावा, म्हणून महापालिकेने या मोठ्या मंडईच्या जोडीला शहरात आणखीही छपराखालच्या मंडया उभारल्या. दुसऱ्या महायुद्धात इमारतीचं नुकसान झालं, पुढे ती मोडकळीला आली, पण १९९०च्या दशकात नीट दुरुस्त करून पुन्हा सुरू केली. रोजच्या भाजीसाठी एवढी उंच, उजेडाची, देखणी जागा बांधावी आणि शंभर वर्षांनी ती पाडण्याऐवजी सावरावी, याबद्दल मला या शहराविषयी फार आदर वाटला.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो मिरचीपाशी. वाळलेल्या लाल मिरच्यांच्या माळा लटकलेल्या, खाली पापरिकाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या भुकटीच्या, पुड्या, सेगेड आणि कालोचा या गावांच्या. मिरची मूळची अमेरिकेची. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर गोव्यातून आली, इकडे तुर्कांबरोबर. आपण तिचा तिखटपणा जपला. इथल्या लोकांनी शिरा आणि बिया काढून, वाण निवडून निवडून तिला गोड करत नेलं, आणि रंग मात्र तसाच ठेवला. दुकानातल्या बाईंनी आम्हाला दोन्ही पुड्यांचा वास दिला: ‘एदेश’ म्हणजे गोड, ‘चिपोश’ म्हणजे तिखट. एदेशचा वास उन्हात वाळवलेल्या टोमॅटोच्या जवळ जातो. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञाने सेगेडमध्ये याच ताज्या मिरच्यांमधून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं होतं. १९३७ चं नोबेल त्याला मिळालं.

तळघरात मासे आणि लोणची. बरण्यांमध्ये भोपळी मिरची, काकडी, कोबी असे रचलेले की त्यांचे चेहरे झालेत, हसणारे, मिशीवाले. उन्हाळ्यात इथे काकड्या मीठपाण्यात शेपूसारख्या पाल्याबरोबर भरतात, वर पावाचा तुकडा ठेवतात आणि बरणी चार-पाच दिवस उन्हात ठेवतात. पावाने आंबवण्याला जोर येतो. गच्चीवर कैरीच्या बरण्या ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या आम्हा दोघींना हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग वरच्या मजल्यावर जेवण. लोखंडी सज्ज्यांना लागून टपऱ्या, उंच स्टुलं, कुठे उभ्याउभ्या खायचं. गर्दी बहुतेक पर्यटकांची आणि भावही त्या हिशेबाने. खाली पिशवी घेऊन आलेल्या आजीबाई वर फारशा दिसल्या नाहीत, हे मला खटकलं. तरी वर जेवावंच, असं मी कुणालाही सांगेन. पण आधी खालचे दोन्ही मजले पाहून. कोबीची पानं, मांस, पापरिका, आंबट साय हे सगळं खाली कच्चं पाहिलेलं असतं, आणि मग तेच कोबीच्या गुंडाळीतून ताटात येतं. ताईने ते घेतलं. मी लांगोश घेतला: आंबवलेल्या पिठाचा तळलेला मोठा गोळा, हाताने पसरवलेला, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ, लसूण झणझणीत. साध्या, पोटभरीच्या पदार्थात जो प्रामाणिकपणा असतो तो त्यात आहे. रेलिंगपाशी उभं राहून खाताना खाली एक आजोबा कांदे एकेक दाबून निवडत होते. दुकानदारही त्यांना हवा तितका वेळ देत होता.

परत येताना दोन्ही पुड्या घेतल्या. चिपोश आईसाठी. एदेशचं काय करायचं यावर ताईचं आणि माझं अजून एकमत नाही. तिला ती दह्याच्या कोशिंबिरीवर भुरभुरायची आहे, मला बटाट्याच्या रश्श्यात हवी आहे, त्यांच्याच पद्धतीने: कांदा मंद आचेवर गुलाबी करायचा, भांडं खाली उतरवायचं आणि मग पापरिका घालायची, कारण तिच्यातली साखर आचेवर लगेच करपते आणि पदार्थ कडू होतो.