नऊ वर्षांचं पीक

शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५, हिल्सबरो

झाड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभं राहिलंय. पिल्लू जेवता जेवताच पेंगलं. बोटांना लागलेला चीक साबणाने जाईना, शेवटी आईंनी खोबरेल तेल दिलं तेव्हा सुटला. घरभर वास आहे. झोपण्याआधी आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे, कारण यंदा बाबा बरोबर होते.

नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की इथे लोक घरात झाड आणायच्या मागे लागतात. दुकानांबाहेर कापलेली झाडं ओळीने मांडलेली असतात, एक उचलायचं आणि चालू पडायचं. पण आम्ही राहतो ओरेगनमध्ये. ख्रिसमसची झाडं अमेरिकेत सगळ्यात जास्त याच राज्यात पिकतात आणि मळे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहेत. पाळणाघरात दिव्यांचं झाड बघितल्यापासून पिल्लू रोज आम्हाला हात धरून खिडकीशी नेतं आणि बाहेरच्या मेपलकडे बोट दाखवून "दिवे?" म्हणून विचारतं. तेव्हा ठरवलं, झाड शेतातूनच आणायचं.

गाडीत आईंनी विचारलं, "अगं, जितं झाड तोडायचं? महिनाभरासाठी?" बाबा खिडकीबाहेर बघत होते. मीही काही बोलले नाही, कारण प्रश्न मला पटत होता.

मळा फॉरेस्ट ग्रोव्हच्या पलीकडे, टेकडीच्या उतारावर. पाऊस नुकताच थांबलेला, सगळीकडे चिखल. मालकांनी हातात करवत दिली, कोणत्या ओळीतलं कापायचं ते दाखवलं आणि आम्हाला मोकळं सोडलं. पिल्लू गमबूट घालून थेट पहिल्या डबक्यात. बाबा मात्र वाटेवरच थांबले. दिंडोरीला चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. त्यांनी वाकून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि दोन झाडांमधलं अंतर पावलांनी मोजलं. "पाच बाय पाच फूट. म्हणजे एकराला सतराशेच्या वर झाडं." ह्यांनी मालकांना विचारलं, तर हिशेब बरोबर निघाला.

मग बाबा थांबेचनात. एका फांदीचं टोक हातात धरून म्हणाले, "हे असं आपोआप वाढत नाही. छाटलंय." खरंच, तो सुबक शंकूचा आकार कापून आणलेला असतो. दर उन्हाळ्यात लांब सुऱ्या घेऊन माणसं एकेका झाडाभोवती फिरतात. द्राक्षाला एप्रिलची आणि ऑक्टोबरची अशा दोन छाटण्या असतात, याला वर्षाला एक. पण द्राक्ष दर वर्षी पैसा देतं. या मळ्यातलं झाड म्हणजे नोबल फर, तो माणसाच्या उंचीच्या वर जायला सात ते दहा वर्षं घेतो, आणि तोवर नुसतं तण काढा, छाटा, वाट बघा. उतारावरच का लावलाय, तेही बाबांनी मालकांना विचारायला लावलं. चिकण जमिनीत पाणी साचलं की या झाडाची मुळं कुजतात, म्हणून निचऱ्याची जमीन. बाबांनी अशी मान डोलावली की मालकही हसले. दोघांची भाषा वेगळी, मध्ये हे दुभाषी, पण पुढे पुढे ह्यांची गरजच उरली नाही. बाबा मुळांचा आकार हाताने दाखवत होते आणि मालक पुढचं समजून घेत होते.

खालच्या अंगाला एक पट्टा विरळ दिसत होता. झाडं कमरेएवढी, मध्ये मध्ये मोठ्या जागा रिकाम्या. बाबांनी तिकडे बोट केलं. मालक थोडे गप्प झाले आणि म्हणाले, "२०२१." त्या जूनमध्ये इथे उष्णतेची लाट आली होती. २८ जूनला पोर्टलंडचा पारा ४६.७ अंशांवर गेला. ज्या गावात तेव्हा कितीतरी घरांना एसी नव्हता, तिथे ही गत. मळ्यांमधली नुकतीच लावलेली रोपं जळून गेली. मोठ्या झाडांचीसुद्धा नवी पालवी उन्हाच्या बाजूने तांबूस पडली होती. जे रोप त्या वर्षी गेलं, ते पुढे सात-दहा वर्षांनी कुणाच्या तरी घरात उभं राहायचं होतं. बाबांनी हे सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडे गारपीट होते." सांगितल्यावर मालकांनी बाबांचा हात हातात घेतला. मला तिथे भरून आलं. मी वळून पिल्लाकडे गेले.

पिल्लाला तोवर खजिना सापडला होता. बांधावर जुने, उंचच उंच डग्लस फर आहेत, त्यांची बोंडं खाली पडलेली. या बोंडाच्या प्रत्येक खवल्याखालून तीन टोकांची एक चपटी जीभ बाहेर येते. मधलं टोक लांब, बाजूची दोन आखूड. नीट बघितलं तर उंदीर तोंड खुपसून लपलाय आणि फक्त शेपटी आणि मागचे पाय बाहेर राहिलेत, असं दिसतं. मी पिल्लाला दाखवलं. त्याने बराच वेळ बोंड डोळ्यांजवळ धरलं, एक शेपटी चिमटीत ओढून बघितली, मग पूर्ण खात्रीने म्हणालं, "बाप्पाचा उंदी." त्यानंतर मळ्यातलं एकही झाड त्याच्या खिजगणतीत नव्हतं. माझे दोन्ही खिसे, आजीची पर्स, आजोबांची टोपी, सगळीकडे उंदीर भरले गेले.

झाड बाबांनी निवडलं. आम्ही बघत होतो उंची आणि भरगच्चपणा, ते बघत होते बुंधा सरळ आहे का. हे ओल्या मातीवर आडवे झाले आणि खालून करवत चालवली. बाबांनी खोड विरुद्ध बाजूला किंचित ओढून धरलं, म्हणजे करवत अडकत नाही. शेवटची चार ओढ पिल्लाचा हात वर ठेवून झाली. झाड कलंडलं तेव्हा आईंनी पुढे होऊन उरलेल्या खोडाला हात लावून नमस्कार केला. मालकांनी झाड यंत्रावर धरून हलवलं, वाळलेल्या सुया झडल्या, मग जाळीत गुंडाळलं. टपावर बुंधा पुढच्या बाजूला ठेवून बांधायचं, नाहीतर वाऱ्याने फांद्या उलट फाटतात. सुतळीच्या गाठी बाबांच्या.

घरी आल्यावर बुंध्याची एक पातळ चकती पुन्हा कापावी लागते. वाटेत कापलेल्या जागी चीक सुकून तोंड बंद होतं, मग झाड पाणी पीत नाही. ती चकती बाबांनी पुसून चष्मा लावून वलयं मोजली. नऊ. पिल्लू मांडीवर, तेही मागोमाग "दोन, दोन, दोन" मोजत होतं. मग बाबांनी बाहेरून पाचव्या वलयावर नख टेकवलं आणि त्याला म्हणाले, "हे बघ, हे त्या उन्हाचं साल. हा तेव्हा टिकला." पिल्लू अजून दोन वर्षांचं आहे. त्याच्या जन्माआधी कितीतरी वर्षं एका अनोळखी माणसाने हे रोप लावलं आणि दर उन्हाळी त्याच्याभोवती फिरला, हे मला त्याला मोठेपणी सांगायचंय.

आईंच्या प्रश्नाला उत्तर मी रात्री दिलं. जानेवारीत इथे जुनी झाडं गोळा करून किनाऱ्याकडच्या ओढ्यांच्या पाणथळीत टाकतात. फांद्यांच्या जाळीत कोहो सामन माशांची पिल्लं मोठ्या माशांपासून आणि पक्ष्यांपासून लपून राहतात आणि त्या फांद्यांवर वाढणारे किडे खातात. आईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे विसर्जनच की. मग आपण स्वतः नेऊन द्यायचं, कुणाच्या हाती पाठवायचं नाही." त्यांचं परतीचं तिकीट जानेवारीच्या शेवटचं आहे. हे उद्या झाडं द्यायच्या तारखा बघणार आहेत.