कपबशीनं गोळी अडते का?

बुलेटप्रूफ जॅकेटातलं सिरॅमिक गोळी कशी अडवतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सैनिक टाकळीला पाहुण्यांकडं गेलो की घरात कुणीतरी फौजेत असतंच. मी धातुशास्त्र शिकवतो म्हटल्यावर प्रश्न ठरलेला: "सर, जॅकेटात लोखंडाऐवजी सिरॅमिक घालतात म्हणे. म्हणजे कपबशीच की ओ! ती गोळी कशी अडवणार?"

फुटूनच अडवते. जॅकेटातलं बोरॉन कार्बाइड हे सिरॅमिक पोलादापेक्षा कितीतरी कडक, आणि वजनाला त्याच्या एक तृतीयांश. गोळीचं टोक त्यावर बोथट होतं, फुटतं. सिरॅमिकच्या फरशीत मागं रुंदावत जाणारा शंकूसारखा तडा जातो. टोकाचा मार मोठ्या जागेवर पसरतो आणि मागचा थर तो पेलतो.

खरा घात फरशी आणि मागचा थर यांच्या सांध्यात आहे. सिरॅमिक दाब सोसतं, ताण सोसत नाही. आघाताची लाट फरशीतून डिंकाच्या थरापर्यंत जाते आणि तिथून ताण होऊन उलटी फिरते. फरशी वेळेआधी फुटते, थरापासून सुटते. मग सांधाच नको! 1984 च्या सुमारास जपानमध्ये अंतराळ विमानाच्या उष्णतेसाठी हा विचार पुढं आला: एका अंगाला सिरॅमिक, दुसऱ्या अंगाला धातू, मधलं प्रमाण हळूहळू बदलत जाणारं. तीच युक्ती चिलखतात केली, तर लाट एका जागी उलटत नाही, थोडी थोडी फिरते.

असा हळूहळू होणारा बदल बघायला लांब जायला नको. शिरोलीच्या फाउंड्रीत चिल, म्हणजे झटकन गार झाल्यानं लोखंड किती पांढरं-कडक होतं ते, तपासायला पाचरीसारखा तुकडा ओततात आणि गार झाल्यावर हातोडीनं फोडतात. टोकाला पांढरं, चकाकणारं, कानस घसरेल असं लोखंड. जाड बाजूला राखाडी. मध्ये ठिपक्याठिपक्यांचा पट्टा. ओतीव एकच. मी तो तुकडा पोरांच्या हातात देतो, म्हणतो, पांढरं कुठं संपलं ते बोटानं दाखव. बोट फिरत राहतं.

पण सिरॅमिक-धातूचं असं जमवणं फार अवघड. गार होताना ॲल्युमिनियम हा धातू अल्युमिना या सिरॅमिकच्या जवळजवळ तिप्पट आकसतो; आमची एक चकती भट्टीतून बाहेर येतानाच तडकली होती, तो आवाज अजून कानात आहे. शिवाय दर्शनी बाजूला धातू मिसळला तर कडकपणा जातो आणि गोळी बोथटच होत नाही. म्हणून आजची बहुतेक जॅकेटं अजून फरशी आणि तिच्यामागं चिकटवलेला थर अशीच आहेत.

टाकळीच्या मावशींना मी एवढंच सांगतो: पोराला म्हणावं, जॅकेटातली प्लेट आपटू नको. आपटलीच तर लपवू नको, वरिष्ठांना सांग. आतला तडा वरून दिसत नाही, एक्स-रे काढला की कळतो.