मंगळवेढ्याची काळी माती, चित्रात

मंगळवेढ्याकडची जमीन पाहिली की वाटतं, काळा रंग इथं आयताच पसरलाय. सोलापूर स्टँडवरून एसटी धरून एका फाट्यावर उतरलो, तेव्हा माझीही समजूत तीच. तिथल्या वस्तीवर एक निवृत्त चित्रकला शिक्षक बाजारचा रंग न आणता चित्रं काढतात. त्यांच्या पडवीत पहिला तास गेला तो बादली ढवळण्यात.

किलोभर ढेकळं दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजलेली. ढवळायचं, मिनिटभर थांबायचं. वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी मलमलच्या फडक्यातून दुसऱ्या बादलीत गाळायचं. इथवर सोपं. पण या मातीचे कण इतके बारीक, की पाणी लवकर निवळतच नाही. "तुरटी फिरवा की, न्हाईतर परवापर्यंत बघत बसा," सर म्हणाले. खडा पाच-सहा वेढे फिरवून ठेवून दिला. जेवण होईतो वर नितळ पाणी. ते अलगद परसात ओतलं.

गाळ वाळवून पाट्यावर वाटायचा, मग डिंकात खलायचा. बाभळीचा डिंक एक वाटी, पाणी दोन वाट्या, रात्रभर भिजवून गाळलेला. डिंक कमी पडला तर सुकल्यावर रंग बोटाला येतो, जास्त झाला तर पापुद्रे सुटतात. दोन थेंब लवंगतेल, बुरशीसाठी. काहीजण मोरचूद घालतात. सरांना ते विष बादलीत नको.

आणि एवढं करून रंग काळा नाहीच! सुकला की राखाडी-तपकिरी. जाड थर दिला होता तिथं तर उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. शेतात जे होतं तेच कागदावर. उपाय दोन. एक तर दुधासारखे पातळ तीन-चार हात, मधे पुरतं वाळवून. नाहीतर माती मडक्यात भरून गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईतो भाजायची. मग तिचं फुगणं जातं, पण काळेपणाही जातो आणि हाती विटकरी रंग येतो. खरा काळा हवा तर दिव्याची काजळी. ती पाण्यावर तरंगते, म्हणून आधी दाट डिंकात घोटायची, पाणी शेवटी.

कॅनव्हास म्हणजे फाटकी सोलापुरी चादर. तिला चिंचोक्याची खळ, घोंगडीला देतात तीच. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून वाटायचे. पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचे. ढवळणं थांबलं की गाठी. खळीत चुनखडीची वस्त्रगाळ पूड मिसळून दोन हात दिले की चादरीची वीण बुजते. खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करायची.

मला सगळ्यात आवडला तो हळदीचा पिवळा, आणि तोच कुचकामी. उन्हात उडतो, चुन्याला लागला की लाल होतो. सर पिवळ्यासाठी पिवळी मातीच वापरतात. नैसर्गिक रंग म्हणून हळदीची चित्रं विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

परतताना माचणूरला भीमेकाठी उतरायचं होतं, ते राहिलं. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हुरडा खाऊन एसटीत डुलक्या घेतल्या. नखांतली माती मात्र सोलापुरात दोनदा हात धुऊनही निघाली नाही.